अवधान, वेध आणि हुंकारा : प्रचाराच्या चलत्चित्राचा भारतीय प्रवास

मराठीत ‘लक्ष’ या शब्दाला लागणारी क्रियापदे दोन विरुद्ध दिशांना जातात. लक्ष दिले जाते आणि लक्ष वेधूनही घेतले जाते. पहिल्या प्रयोगात देणारा आपल्या मर्जीचा धनी असतो. दुसऱ्यात तो निशाण असतो, कारण ‘वेध’ हा मुळात धनुर्विद्येतला शब्द आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात, तेव्हा निवेदकाचा पवित्रा विनवणीचा आहे. श्रोता उठून जाऊ शकतो, हे त्या विनवणीमागचे गृहीत आहे. आधुनिक जाहिरातशास्त्राची सगळी परिभाषा मात्र वेधाची आहे. ‘लक्ष्यगट’ हा शब्द आपण विपणनाच्या पुस्तकांतून जसाच्या तसा स्वीकारला, आणि त्यातील ‘लक्ष्य’ आपल्याला खटकलेही नाही.

भारतात जाहिरातदारांनी आणि चळवळींनी चलत्चित्राचा वापर कसा केला, याचा इतिहास सहसा तंत्रज्ञानाच्या टप्प्यांनी सांगितला जातो : चित्रपटगृह, दूरदर्शन, व्हिडिओ कॅसेट, उपग्रह वाहिन्या आणि शेवटी भ्रमणध्वनी. हा क्रम चुकीचा नाही, परंतु तो यंत्रांचा इतिहास आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला त्यातून फारसे हाती लागत नाही. प्रस्तुत निबंधात निराळा धागा धरला आहे. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला उत्तर देण्यासाठी किती जागा ठेवलेली होती, आणि ती केव्हा व कशी आकसली, हा तो धागा होय.

त्यासाठी मौखिक परंपरेतील एक संज्ञा उपयोगी पडते. राजस्थानी लोककथनात श्रोत्यांपैकी कोणीतरी कथेच्या प्रत्येक वळणावर ‘हुंकारा’ द्यायचा असतो. हुंकारा थांबला की कथा थांबते. पोवाड्यातील झीलकऱ्यांचे काम याच्याशी नाते सांगते. फरक इतकाच की झीलकरी शाहिराच्या बाजूचे असतात, हुंकारा देणारा श्रोत्यांतला असतो. पाबूजीच्या फडीसमोर भोपा गातो, भोपी दिवा धरून चित्रातील नेमका प्रसंग उजळते आणि अवतीभोवती बसलेले गावकरी तो प्रसंग आपला म्हणून ओळखतात. बंगालचे पटुआ पट उलगडत गातात, पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीचे एकेक पान पुढे करीत कथा लावतात. या सर्व प्रकारांत चित्र स्वतः मुके आहे. अवधान मागतो तो माणूस. १८९२ पासून कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले, तेव्हाही काचेवर रंगविलेल्या चित्रांना निवेदनाची जोड होती. लुमिएर बंधूंचे चलत्चित्र मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी आले. म्हणजे पडदा भारतीय प्रेक्षकाला सिनेमाच्या आधीच परिचित होता, आणि पडद्याशेजारी उभा असलेला बोलका माणूसही.

या माणसाचे पुढे काय झाले, हे पाहण्यास सर्वांत सोयीचा आरंभबिंदू म्हणजे १ ऑगस्ट १९७५. त्या दिवशी ‘साइट’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोग सुरू झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन हे विषय होते. प्रचारक स्वतः शासन होते, आणि त्याला प्रेक्षक पकडून ठेवण्याची चिंता अजून पडलेली नव्हती. गावात दुसरा पडदाच नव्हता. त्याच सुमारास गुजरातेतील खेडा जिल्ह्यात पिज येथील प्रक्षेपकावरून चरोतरी बोलीत कार्यक्रम होऊ लागले आणि गावकरी पडद्यासमोरून पडद्यावर आले. आपली बोली पेटीतून ऐकू येणे ही त्या प्रेक्षकासाठी केवढी घटना होती, हे प्रमाणभाषेतील नभोवाणीवर वाढलेल्यांना चटकन उमगणार नाही. ३१ जुलै १९७६ रोजी साइट संपले. त्याच वर्षी, १ जानेवारीपासून, दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती सुरू झालेल्या होत्या. एकाच वर्षात सामुदायिक संचाचा एक प्रयोग गुंडाळला गेला आणि घरच्या संचाचा बाजार उघडला. या योगायोगाकडे संज्ञापनाच्या इतिहासकारांनी पुरेसे पाहिलेले नाही असे मला वाटते.

‘हम लोग’ (१९८४–८५) ही मालिका या दोन व्यवस्थांच्या सांध्यावर उभी आहे. मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांच्या प्रबोधनपर मालिकांचा आदर्श, मनोहर श्याम जोशी यांचे लेखन, कुटुंबनियोजन व स्त्रीचे स्थान हे शासकीय आशयसूत्र आणि प्रायोजक म्हणून दोन वर्षांपूर्वी कोणाला ठाऊकही नसलेल्या मॅगी नूडल्स. मालिकेतील खरी वाङ्मयीन युक्ती मात्र प्रत्येक भागाच्या अखेरीस येणारे अशोककुमार होत. ते कथेविषयी बोलत, प्रश्न टाकत आणि मालिकेचे नाव निरनिराळ्या भारतीय भाषांत उच्चारून निरोप घेत. हा संस्कृत नाटकातला सूत्रधारच होता, फक्त प्रस्तावनेतून उठून भरतवाक्याच्या जागी बसलेला. प्रेक्षकांनी त्याला हुंकारा दिला तो पत्रांनी : चार लाखांहून अधिक पत्रे आली. अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स यांनी त्या पत्रांचा आणि प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा एक विलक्षण गोष्ट पुढे आली. सोशिक, दबलेली माता भागवंती हे पात्र ‘असे नसावे’ म्हणून योजलेले होते. पुष्कळ स्त्रियांनी तिलाच आदर्श मानले. प्रचाराची संहिता आणि तिचे ग्रहण यांतील ही फट वाचकप्रतिसादाच्या सिद्धांतकारांनी पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे. ती आपल्याला कळली, कारण प्रेक्षक लिहून कळवीत होते.

जाहिरातदारांनी हाच सूत्रधार घरात आणला, पण त्याची भूमिका उलटवून. अलेक पदमसी यांच्या लिंटास संस्थेने सर्फसाठी घडविलेली ललिताजी ही निरमाच्या स्वस्ताईला दिलेले उत्तर होती. तिला पडद्याबाहेरून एक पुरुषी आवाज प्रश्न विचारतो आणि ती थेट प्रेक्षकाकडे पाहून उत्तर देते. (पन्नाशीपुढच्या श्रोत्यांना ललिताजी हे नाव पुरते, विद्यार्थ्यांना आता ते समजावून सांगावे लागते.) वरवर पाहता हा संवाद आहे. प्रत्यक्षात प्रेक्षकाची शंका प्रेक्षकाच्या वतीने आधीच विचारून टाकलेली आहे. हुंकारा देणाऱ्याची जागा जाहिरातीने स्वतःच भरली. भारतीय जाहिरातपटाच्या इतिहासात हा क्षण मला साबणाच्या धबधब्यांपेक्षा आणि गाण्यांपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

घरोघरी संच येत असतानाच रस्त्यावर वेगळे काही घडत होते. १९८०च्या दशकात व्हिडिओ कॅसेट स्वस्त झाली आणि मालमोटारीवर पडदा, जनित्र व ध्वनिक्षेपक चढवून गावोगाव फिरणाऱ्या जाहिरात-गाड्या निघाल्या. त्यांची कार्यपद्धती अभ्यासण्याजोगी आहे. गाडी आठवडी बाजाराचा किंवा जत्रेचा दिवस धरून येई. आधी ध्वनिक्षेपकावरून हाळी, मग चित्रपटगीतांचे तुकडे, त्यांत मिसळलेल्या साबण-चहा-दंतमंजनाच्या जाहिराती, मध्येच पडदा थांबवून गाडीवरच्या माणसाचे स्थानिक बोलीतील भाष्य, प्रश्नमंजूषा, नमुन्याच्या पुड्यांचे वाटप. पडद्यावरील चित्रफीत सर्वत्र एकच असे. तिला गावागावांत निराळे करी तो निवेदक. मुंबईत बनलेल्या तीस सेकंदांच्या जाहिरातीला अवधी किंवा मारवाडी संदर्भ तो जागच्या जागी लावी. हा अनुवादच होता, आणि तो अनुवादक श्रोत्यांच्या तोंडाकडे पाहत अनुवाद करीत होता. जमावाने टर उडविली तर त्याला ती गिळावी लागे.

राजकीय पक्षांनी ही गाडी उचलली तेव्हा तिचे नाव बदलले : ‘व्हिडिओ रथ’. रथ या शब्दाला तोवर निवडणुकीच्या परिभाषेत जागा मिळालेली होती. १९८२ साली एन. टी. रामाराव यांनी जुन्या शेव्हरोले गाडीचा ‘चैतन्य रथम्’ करून आंध्र प्रदेश पिंजून काढला आणि जानेवारी १९८३च्या निवडणुकीत सत्ता मिळविली. तेथे पडदा नव्हता. पडद्यावरचा राम-कृष्ण स्वतः टपावर उभा होता. दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिका जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात चालली आणि रविवार सकाळचे रस्ते ओस पडले. २५ सप्टेंबर १९९० रोजी सोमनाथहून निघालेली लालकृष्ण अडवाणी यांची रथयात्रा टोयोटा गाडीवर सजविलेल्या रथातून चालली. अरविंद राजगोपाल यांनी २००१च्या आपल्या ग्रंथात मालिका आणि राजकारण यांचा हा संबंध विस्ताराने मांडला आहे. क्रिस्टियाने ब्रोसियस यांच्या २००५च्या ग्रंथाचा विषय मात्र आपल्या दृष्टीने अधिक जवळचा आहे : दिल्लीच्या जैन स्टुडिओज या संस्थेने हिंदुत्ववादी चळवळीसाठी तयार केलेल्या चित्रफिती. त्या कॅसेटरूपाने आणि व्हिडिओ रथांवरून फिरल्या.

या चित्रफितींपैकी दोहोंची शीर्षके पाहावीत : ‘भये प्रकट कृपाला’ आणि ‘प्राण जाए पर वचन न जाए’. दोन्ही शब्दावल्या तुलसीदासांच्या रामचरितमानसातून आलेल्या आहेत. उत्तर भारतातील श्रोत्याला त्या ऐकताच उरलेला चरण मनात पुरा होतो. म्हणजे अवधान मागण्याची गरजच उरत नाही. शीर्षकापाशीच श्रोता हुंकारा देऊन बसतो, आणि ज्या गोष्टीला तो दिला ती गोष्ट अजून सांगितलेलीही नसते. पहिली चित्रफीत २२–२३ डिसेंबर १९४९च्या रात्री अयोध्येत बाबरी मशिदीत मूर्ती आढळण्याची घटना दिव्य प्राकट्य म्हणून नाट्यरूपात दाखविते. दुसरी १९९०च्या कारसेवेविषयी आणि त्या वेळच्या गोळीबाराविषयी आहे. आंतरसंहितात्मकतेची चर्चा आपण बहुधा कादंबऱ्यांच्या आधारे करतो. येथे ती एका भक्तिकाव्याचा स्मरणसंचय हलत्या गाडीवर चढविण्याच्या रूपाने दिसते, आणि तिचे परिणाम वाङ्मयीन नव्हते.

त्याच रात्रीची दुसरी संहिताही उपलब्ध आहे. आनंद पटवर्धन यांच्या ‘राम के नाम’ या अनुबोधपटात महंत रामसेवकदास शास्त्री मूर्ती ठेवण्यात आपला सहभाग असल्याचे कॅमेऱ्यासमोर सांगतात. त्याच पटात न्यायालयनियुक्त पुजारी लालदास मंदिराच्या राजकारणाविषयी परखडपणे बोलतात. नोव्हेंबर १९९३ मध्ये त्यांची हत्या झाली. पटवर्धनांचा पट न्यायालयीन लढ्यानंतर १९९७ साली दूरदर्शनवर दाखविला गेला. तोवर तो छोट्या सभागृहांतून, महाविद्यालयांतून, वस्त्यांतून फिरला, आणि प्रदर्शनानंतर चर्चा हा त्याच्या प्रयोगाचाच भाग राहिला. पुढे ९ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जागा मंदिरासाठी देतानाच १९४९चे मूर्ती ठेवणे आणि १९९२चा विध्वंस ही दोन्ही कृत्ये बेकायदा ठरविली. हा तपशील येथे देण्याचे कारण निर्णयाची चर्चा करणे नव्हे. एकाच घटनेची दोन चलत्चित्रे समांतर फिरत होती, आणि त्यांतील भेद केवळ आशयाचा नव्हता. एकाचे शीर्षक श्रोत्याकडून उत्तर आधीच वदवून घेत होते, दुसऱ्याचे प्रदर्शन उत्तरासाठी दिवे लावून थांबत होते.

चळवळींच्या व्हिडिओचा खरा वारसा या थांबण्यात आहे. १९८४ साली अहमदाबादेत सेवा या स्वयंरोजगारी स्त्रियांच्या संघटनेत मार्था स्टुअर्ट यांनी प्रशिक्षण दिले आणि ‘व्हिडिओ सेवा’ सुरू झाली. शिकणाऱ्यांत अक्षरओळख नसलेल्या स्त्रियाही होत्या. लिपीचा उंबरठा न ओलांडता संहिता रचता येते, हा मुद्दा साहित्याच्या व्याख्येलाच हात घालतो. आपल्या दलित व ग्रामीण आत्मकथनांच्या चर्चेत तो यायला हवा होता, आला नाही. २००३ साली स्थापन झालेल्या ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ने गावपातळीवरचे गट उभे केले, त्यांच्या चित्रफिती रात्री गावातच पडदा लावून दाखविल्या जात आणि नंतर बोलणे होई. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रात २००६ साली ‘डिजिटल ग्रीन’चा आरंभ झाला. रिकिन गांधी व सहकाऱ्यांना आढळले की शेतीची चित्रफीत नुसती दाखवून भागत नाही. गावातला कोणीतरी ती मध्येच थांबवून प्रश्न विचारणारा असावा लागतो. शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न बियाण्याविषयी नसे. पडद्यावरचा शेतकरी कोण, कोणत्या गावचा, हे त्यांना आधी हवे असे. सांगणाऱ्याचे गाव कळल्याशिवाय हुंकारा द्यायचा नाही, ही भोप्याच्या श्रोत्यांची रीत संगणकशास्त्रज्ञांना प्रयोगाने सापडली.

पोलिओ मोहिमेचे उदाहरण याला पूरक आहे. अमिताभ बच्चन यांचे रागावलेले आवाहन घराघरांत पोचले आणि त्याने आयांना केंद्रापर्यंत आणले. परंतु उत्तर प्रदेश व बिहारमधील ज्या वस्त्यांत लसीविषयी संशय होता, तेथे पडद्याला उत्तर देता येत नव्हते म्हणूनच तो अपुरा पडला. तेथे उंबरठ्यावर उभ्या राहून शंका ऐकणाऱ्या स्थानिक स्त्रिया व धर्मगुरू लागले. देशातील नैसर्गिक (वन्य) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११चा.

आता तळहातावरच्या पडद्याकडे. डिसेंबर २०१० मध्ये यूट्यूबने पाच सेकंदांनंतर वगळता येणाऱ्या जाहिराती आणल्या. कथनमीमांसेच्या दृष्टीने ही मोठी घटना आहे, कारण तिने नांदी नष्ट केली. ललिताजीला निदान भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतका अवकाश होता. आता पहिल्या पाच सेकंदांत नाव, चेहरा आणि धक्का येऊन जावा लागतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि काही आठवड्यांतच इन्स्टाग्राम रील्स व यूट्यूब शॉर्ट्स यांनी ती जागा घेतली. प्रेक्षकाजवळ अंगठा उरला. तो वर सरकविणे हे उठून जाण्याचे आधुनिक रूप म्हणता येईल, आणि काही अभ्यासक त्यात प्रेक्षकाचे स्वातंत्र्य पाहतात. मला हे मान्य नाही. जमावातून उठून जाणारा इतरांना दिसतो. त्याचे उठणे हेच भाष्य असते. अंगठ्याची हालचाल फक्त यंत्राला दिसते, आणि यंत्र तिचा उपयोग पुढचा वेध अधिक अचूक करण्यासाठी करते.

भाषेच्या अंगाने याहून गंभीर वळण फेब्रुवारी २०२०चे आहे. दिल्ली विधानसभा निवडणुकीच्या अखेरच्या दिवसांत भाजपचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष मनोज तिवारी यांची चित्रफीत व्हॉट्सअॅपवरून फिरली. मूळ हिंदी संदेशातील त्यांचे ओठ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने जुळवून त्यांना इंग्रजीत आणि हरयाणवीत बोलते केले होते. बोलीत बोलणे म्हणजे ‘मी तुमच्यातला’ हे सांगणे. गाडीवरच्या निवेदकाला ते नाते गावात उभे राहून मिळवावे लागे. येथे बोली आहे, तिच्यात बोलणाराही दिसतो, पण त्या बोलीत तो कधी बोललेलाच नाही. जानेवारी २०२४ मध्ये, २०१८ साली दिवंगत झालेले करुणानिधी एका प्रकाशनसमारंभात पडद्यावर बोलले. ज्यांनी १९५२ साली ‘पराशक्ती’चे संवाद लिहून चित्रपटाच्या पल्लेदार वाणीला राजकारणाचे शस्त्र केले, त्यांच्याच तोंडी यंत्राने शब्द घालावेत, ही नियतीची थट्टा तमिळ साहित्याच्या अभ्यासकांना माझ्यापेक्षा अधिक बोचेल.

कायदा या सगळ्याच्या मागे चालतो. १३ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींचे पूर्वप्रमाणन आवश्यक केले. २०१३ मध्ये निवडणूक आयोगाने समाजमाध्यमांनाही ते लागू केले. या व्यवस्थेला जाहिरात म्हणजे कोणीतरी पैसे देऊन सर्वांना एकच गोष्ट दाखविणे, असे अभिप्रेत आहे. मामेभावाने कुटुंबाच्या गटात पुढे धाडलेली चित्रफीत या व्याख्येत बसत नाही. शेजारच्या घरात तीच पोचली की निराळी, हे कळायला मार्ग नसतो. रथासमोरच्या माणसाला आपण काय पाहिले हे शेजाऱ्याला विचारता येत होते.

अभ्यासकांपुढील अडचण दुहेरी आहे. आजच्या चित्रफिती अगणित आहेत, पण पुसल्या जातात. कालच्या व्हीएचएस कॅसेटी मोजक्या आहेत, आणि त्यांची चुंबकीय फीत झिजते आहे. फिल्म्स डिव्हिजनचे पट २०२२ मधील विलीनीकरणानंतर राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहेत. पक्षांच्या, जाहिरातसंस्थांच्या आणि चळवळींच्या फितींना असे कोणतेही घर नाही. आणि फिती जपल्या तरी संहितेचा अर्धाच भाग हाती येईल. मध्येच पडदा थांबवून गाडीवरचा माणूस कोणत्या बोलीत काय बोलला, जमावाने त्याला काय ऐकविले, हे कोणत्याही कॅसेटवर नाही. ते ऐकलेली माणसे आज साठी-सत्तरीत आहेत.